बाहेरून शून्य, आतून भक्कम

(मंडळाच्या फ्रीमाँटमधील सभेत केलेल्या भाषणाचं लेखी रूप. भाषणात पडद्यावर दाखवलेली चित्रं इथे देता आलेली नाहीत, म्हणून काही ठिकाणी दोन वाक्यं जास्त घातली आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय "अतिपातळ ऑक्साइड थरांचं प्रतिलोहचुंबकत्व" असा छापून आला, तेव्हा आमच्या ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवण भाषणाच्या आधी आहे की नंतर?" नंतर आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग लोक थांबतील!" तुम्ही थांबलात, त्याबद्दल मनापासून आभार.

सुरुवातीलाच एक वचन देते. आज एकही समीकरण मांडणार नाही. रस्सीखेच, ठिपक्यांची रांगोळी आणि नारळाची वडी या तीन गोष्टी ज्याला ठाऊक आहेत, त्याला आजचा विषय समजायला काहीच अडचण नाही. "प्रतिलोहचुंबक" हा शब्द मात्र जिभेला जड आहे, म्हणून आम्ही कामावर म्हणायचो तसं मीही नुसतं "अँटीफेरो" म्हणेन.

हा विषय इथे, फ्रीमाँटमध्ये कशासाठी? तर त्यासाठी एक साल लक्षात ठेवा : १९५६. जानेवारी १९५६ मध्ये सेंटरव्हिल, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे, नाइल्स आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं एकत्र येऊन आपलं फ्रीमाँट शहर झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या सॅन होजेला आयबीएमने जगातली पहिली हार्ड डिस्क असलेला रॅमॅक हा संगणक जाहीर केला. त्या डिस्कच्या कपाटात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि एवढ्या पसाऱ्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं! म्हणजे आजच्या हिशोबाने ५ मेगाबाइट, आपल्या फोनमधला एखादा फोटो. त्याच १९५६ साली न्यूयॉर्क राज्यात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत मायकलजॉन आणि बीन या दोघांना कोबाल्टच्या भुकटीत एक विचित्र गोष्ट दिसली. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईला तुर्भ्याच्या किनाऱ्यावर 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली.

एक शहर, एक यंत्र, एक भुकटी आणि एक भट्टी. या चौघांचा एकमेकांशी संबंध असेल असं त्या वर्षी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तो संबंध मी आज सांगणार आहे.

आधी चुंबकाकडे वळू. फ्रिजवर आपण जे लोहचुंबक लावतो, त्याच्या आत लोखंडासारख्या धातूचे अणू असतात, आणि प्रत्येक अणू हा स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. साध्या चुंबकात हे सगळे चिमुकले चुंबक एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांसारखे. सगळ्यांचा जोर एका बाजूला, म्हणून बाहेरून ओढ जाणवते.

अँटीफेरोमध्ये काय होतं? तिथेही प्रत्येक अणू चुंबकच आहे, आणि शिस्तही तितकीच कडक आहे. पण शिस्त अशी की शेजाऱ्याने उत्तरेला तोंड केलं, तर मी दक्षिणेला करायचं. म्हणजे एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, असं शेवटपर्यंत. बेरीज शून्य. टाचणीसुद्धा चिकटत नाही.

इथे मला रस्सीखेच आठवते. दोन्हीकडे तुल्यबळ गडी आहेत, दोर जागचा हलत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काहीच चाललेलं नाही. पण त्या दोराला हात लावून बघा! दोर हलत नाही याचा अर्थ जोर नाही असा होत नाही. उलट तो दोर असा ताणलेला असतो, की बाजूने कुणी आलं आणि त्याला हलवायला गेलं तर तोच आपटेल. अँटीफेरोचं अगदी असंच आहे. बाहेरचा साधा चुंबक त्याच्याजवळ नेला, तर त्याला फारसा फरक पडत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं बेतलेलं आहे.

आता, शेजाऱ्याने उलटं तोंड करायचं हे ठरवतं कोण? आपल्या विषयातल्या पदार्थांत, म्हणजे निकेल ऑक्साइड आणि कोबाल्ट ऑक्साइडमध्ये, हे काम ऑक्सिजन करतो. दोन निकेल अणूंच्या मध्ये एक ऑक्सिजन बसलेला असतो. ते दोन निकेल एकमेकांना थेट भेटतच नाहीत, सगळं बोलणं मध्यस्थामार्फत! ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनची जोडी असते, आणि निसर्गाचा नियमच असा की त्या जोडीतला एक वर तोंड करून असेल तर दुसरा खालीच हवा. एक इलेक्ट्रॉन डावीकडच्या निकेलकडे थोडा झुकतो, दुसरा उजवीकडच्या. मग त्या दोन निकेलनाही आपसूक उलटसुलट उभं राहावं लागतं. लग्न ठरवणारा मध्यस्थ दोन्ही घरी वेगवेगळं सांगतो, तसलाच प्रकार, पण इथे लग्न टिकतं!

बेरीज शून्य असेल, तर आत शिस्त आहे हे कळलं कसं? फ्रान्सच्या लुई नेल यांनी १९३० च्या दशकात हे कागदावर मांडलं. पण डोळ्यांनी दिसलं ते १९४९ साली, अमेरिकेत ओक रिजला, शल आणि स्मार्ट यांना. त्यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनचा झोत सोडला. ठिपक्यांची रांगोळी मनात आणा. सगळे ठिपके सारख्या अंतरावर आहेत, पण एक लाल, एक पांढरा, एक लाल, एक पांढरा. रंग न दिसणाऱ्या माणसाला वाटेल, एका ठिपक्यानंतर तीच नक्षी पुन्हा सुरू होते. रंग दिसणाऱ्याला कळेल की नक्षी दर दोन ठिपक्यांनी पुन्हा येते. साध्या क्ष-किरणांना नुसते ठिपके दिसतात. न्यूट्रॉन स्वतः चिमुकला चुंबक असल्यामुळे त्याला रंग दिसतात! शल यांना या पद्धतीच्या कामासाठी १९९४ साली नोबेल मिळालं.

आणि इथे आपली तुर्भ्याची भट्टी येते. न्यूट्रॉन हवे तर अणुभट्टी हवी. 'अप्सरा', मग 'सायरस', आणि १९८५ पासून 'ध्रुव' या भट्ट्यांच्या न्यूट्रॉन झोतांवर भाभा अणुसंशोधन केंद्रात पदार्थांच्या आतली रचना आणि चुंबकीय नक्षी वाचण्याची एक परंपराच तयार झाली. अणुभट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बॉम्ब नाही तर वीज येते. पण चेंबूरच्या पलीकडे बसून माणसं ऑक्साइडच्या आतली ठिपक्यांची रांगोळी वाचत होती, हेही आपल्याला ठाऊक हवं.

आता १९५६ ची ती भुकटी. मायकलजॉन आणि बीन यांच्याकडे कोबाल्टचे अतिसूक्ष्म कण होते. त्यांच्यावर हवेने गंज चढावा तसा कोबाल्ट ऑक्साइडचा पातळ पापुद्रा होता. आत साधा चुंबक, बाहेरून अँटीफेरोची साल. हे कण त्यांनी चुंबकीय क्षेत्रात ठेवून खूप थंड केले. मग बघतात तर काय, आतल्या कोबाल्टला एक दिशा आवडायला लागली होती! त्या दिशेला तो सहज वळायचा, उलट दिशेला वळवायला मात्र जास्त जोर लावावा लागायचा. कुणीतरी त्याला खिळा मारून ठेवल्यासारखा.

याला मी नारळाच्या वडीची उपमा देते. मिश्रण गरम आहे तोवर ताटात थापा, सुरी फिरवा, हवा तो आकार द्या. एकदा थंड झालं की तो आकार पक्का. नंतर तुम्ही कितीही म्हणा, वडी चौकोनीच राहणार. बदलायची तर पुन्हा गरम करायला हवी. कोबाल्ट ऑक्साइड गरम असताना त्याच्यात शिस्त नसते. शेजारी चुंबक ठेवून थंड केलं, की सीमेवरचे अणू त्या चुंबकाला जुळवून घेत शिस्तीत बसतात, आणि मग त्या शिस्तीतून हटत नाहीत. आता तेच शेजारच्या चुंबकाला धरून ठेवतात. बाहेरून ज्याची बेरीज शून्य, तोच दुसऱ्याला दिशा देतो!

गंमत बघा, नेल यांना १९७० साली नोबेल मिळालं, तेव्हा आपल्या व्याख्यानात त्यांनीच सांगून टाकलं होतं, की हे पदार्थ सिद्धांताच्या दृष्टीने फार रोचक आहेत, पण त्यांचा काही उपयोग असेल असं दिसत नाही. ज्याने शोधला त्यानेच "निरुपयोगी" म्हटलेला पदार्थ! आणि याच पदार्थाने पुढे आपल्यापैकी कितीतरी घरांची मॉर्गेजेस भरली.

कशी ते सांगते. हार्ड डिस्कच्या तबकडीवर माहिती चुंबकीय ठिपक्यांच्या रूपात लिहिलेली असते. ती वाचायला तबकडीवरून एक डोकं, म्हणजे 'हेड', तरंगत जातं. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांना कळलं, की चुंबकीय धातूंचे अगदी पातळ थर एकावर एक रचले, तर त्यांची विजेला अडवण्याची ताकद चुंबकीय दिशेनुसार खूप बदलते. दोघांना त्यासाठी २००७ चं नोबेल मिळालं. मग १९९१ साली सॅन होजेच्या आयबीएम अल्मडेन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचं एक सुटसुटीत रूप मांडलं, त्याचं नाव 'स्पिन व्हॉल्व्ह'. त्यात दोन चुंबकीय थर असतात आणि मध्ये तांब्याचा पापुद्रा. एक थर मोकळा, तबकडीवरच्या ठिपक्याप्रमाणे झुलणारा. दुसरा थर मात्र जागचा हलता कामा नये. दोघे एका दिशेला असले तर वीज सहज जाते, उलट असले तर अडखळते. झालं, ठिपका वाचला!

आता भिंत तिरकी आहे की सरळ हे गवंडी कशावरून सांगतो? ओळंब्यावरून. ओळंबाच डुलायला लागला, तर भिंतीचं काय कळणार? स्पिन व्हॉल्व्हमधला तो न हलणारा थर म्हणजे ओळंबा, आणि त्याला धरून ठेवणारा हात म्हणजे अँटीफेरो. १९५६ ची ती भुकटीतली गोष्ट ३५ वर्षांनी अशी कामाला आली. आणि १९९७ साली आयबीएमने या तत्त्वावरची हेड्स असलेली १६.८ गिगाबाइटची डिस्क बाजारात आणली.

त्या काळात जे इथे होते, त्यांना ते दिवस आठवत असतील. फ्रीमाँट, मिल्पिटस, सॅन होजे या पट्ट्यात हेड्स आणि डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांची नुसती रांग होती. माझं शिक्षण कोल्हापूरचं, शिवाजी विद्यापीठात एम. एस्सी. ला पातळ थरांवर काम केलेलं. तेव्हा घरी आई विचारायची, "एवढं शिकून काचेवर पापुद्रे कसले चढवतेस?" इथे येऊन मी तेच केलं, फक्त काचेऐवजी वेफर आणि पापुद्रे आणखी हजारपट पातळ! डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, मनगटाला पट्टा. तो पट्टा दागिना नव्हे. अंगावरच्या स्थिर विजेची एक ठिणगीसुद्धा हेडमधला ओळंबा उलटा फिरवू शकते, म्हणून तो जमिनीला जोडलेला असे. आणि वेफर शिजायचे भट्टीत : जोरदार चुंबकाच्या मध्ये, अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर, कित्येक तास. मग सावकाश थंड. वडीच की!

आता येते खरी अडचण, आणि आजच्या विषयाचा गाभा. तबकडीवरचे ठिपके दरवर्षी लहान होत होते. ठिपका लहान, तर तो वाचणारं हेडही सडपातळ हवं, म्हणजे त्यातला प्रत्येक थर पातळ हवा. सुरुवातीला ओळंबा धरायला निकेल ऑक्साइड वापरून पाहिलं गेलं. ते बरं होतं, कारण ते वीज वाहून नेत नाही, त्यामुळे वीज भलतीकडून गळत नाही. पण नीट पकड यायला त्याचा थर चाळीस-पन्नास नॅनोमीटर जाड लागायचा. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर असतो, त्यामानाने हे काहीच नाही असं तुम्ही म्हणाल. पण ज्या फटीत आख्खं हेड बसवायचं, तीच पुढे तीस नॅनोमीटरच्या आत गेली! पाटापेक्षा पाहुणा मोठा.

मग थर पातळ करा की! तिथेच घोडं अडतं. अँटीफेरोची शिस्त एका ठराविक तापमानापर्यंतच टिकते. त्याला नेल तापमान म्हणतात. निकेल ऑक्साइडच्या जाड तुकड्यात ते सुमारे २५० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे चांगलं भक्कम. कोबाल्ट ऑक्साइडचं मात्र जेमतेम २० अंशांच्या आसपास. म्हणजे फ्रीमाँटच्या हिवाळ्यात हा शहाणा, आणि नागपूरच्या मे महिन्यात सगळी शिस्त गुंडाळून ठेवणार! पण हे झाले जाड तुकड्याचे आकडे. थर पातळ केला की आकडे घसरतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली निकेल ऑक्साइडच्या फिल्म्सचं मोजमाप प्रसिद्ध केलं. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पायावर अणूंचे २० थर चढवले, तर शिस्त सुमारे १९७ अंशांपर्यंत टिकते. १० थर, म्हणजे दोन नॅनोमीटर, तर १५७ अंशांपर्यंत. आणि ५ थर, म्हणजे एक नॅनोमीटर? फक्त २२ अंश! हार्ड डिस्कच्या पोटात पन्नास-साठ अंश सहज होतात. तिथे ही पाच थरांची फिल्म म्हणजे उन्हात ठेवलेलं तूप.

असं का व्हावं? कारण शेजारी कमी पडतात. निकेल ऑक्साइडच्या आतल्या प्रत्येक निकेलला ऑक्सिजनच्या पलीकडे सहा जण असतात : पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. सगळे मिळून त्याला शिस्तीत धरून ठेवतात. पृष्ठभागावरच्या निकेलला वरचा शेजारीच नाही, म्हणजे उरले पाच. एकच थर असेल तर वरचाही नाही, खालचाही नाही, उरले चार. आणि पाच थरांच्या फिल्ममध्ये दोन थर पृष्ठभागाचेच असतात. उष्णता म्हणजे अणूंची सततची हालचाल. तिला तोंड द्यायला धरणारे हात कमी पडले, की शिस्त लवकर मोडते. देश सोडून आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आजूबाजूला सहा घरं आपली असली की सणवार, भाषा आपोआप चालतात. चारच उरली, की मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. मंडळं काढावी लागतात!

आणखी एक भानगड आहे. ही फिल्म अखंड नसते, ती छोट्या छोट्या कणांची बनलेली असते. थर पातळ तेवढा कण लहान, आणि लहान कणाला उष्णता सहज उलटा करते. म्हणजे आत शिस्त आहे, वर-खाली-वर-खाली सगळं जागच्या जागी आहे, पण आख्खी रांगच गर्रकन फिरते. रस्सीखेच चालू आहे, पण मैदानच फिरतंय! मग ओळंबा धरणार कोण? म्हणून पकड सुटण्याचं तापमान हे शिस्त मोडण्याच्या तापमानापेक्षा सहसा खालीच असतं. २००० साली मॅग्नेटाइट आणि कोबाल्ट ऑक्साइडच्या थरांवर न्यूट्रॉनने केलेल्या मोजमापात हे स्वच्छ दिसलं. त्यात एक सुखद धक्काही होता. मॅग्नेटाइट हा स्वतः चुंबकीय पदार्थ आहे. त्याच्या सोबतीने कोबाल्ट ऑक्साइडच्या पातळ थरांची शिस्त जाड तुकड्यापेक्षाही वरच्या तापमानापर्यंत टिकत होती! पकड मात्र पातळपणामुळे सुटत होती ती सुटतच होती.

म्हणजे फिल्म किती पातळ आहे एवढंच बघून चालत नाही, ती कुणाच्या शेजारी बसली आहे तेही बघावं लागतं. पुढे २००९ च्या सुमारास असंही दिसलं, की निकेल ऑक्साइडचे अवघे तीन थर मॅग्नेशियम ऑक्साइडवर ठेवले, तर शिस्त फक्त अतिथंड तापमानालाच असते. पण तेच तीन थर चांदीवर वाढवले, तर ती नेहमीच्या हवेतल्या तापमानाच्याही वर टिकते. चांदीत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. वरच्या थरातल्या विद्युतभाराची आरशासारखी प्रतिमा ते खाली तयार करतात, आणि त्यामुळे ऑक्सिजनचं मध्यस्थीचं काम सोपं होतं. पाहुण्याला चांदीच्या पाटावर बसवलं की तो जरा जास्त वेळ बसतो, एवढंच मी यातून घरी सांगितलं.

आता माझी सर्वांत आवडती गोष्ट, आणि ती इथून तासाभरावर, बर्कलीच्या टेकडीवर घडली. तिथे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत 'अ‍ॅडव्हान्स्ड लाइट सोर्स' नावाचं मोठं गोल यंत्र आहे, अतिशय प्रखर क्ष-किरण देणारं. त्या किरणांचं खास ध्रुवीकरण करता येतं, त्यामुळे त्यांनाही न्यूट्रॉनप्रमाणे चुंबकीय रंग दिसतात, आणि तेही अगदी पातळ थरात, आणि निकेल, कोबाल्ट, लोखंड अशी मूलद्रव्यं वेगवेगळी करून. २००० साली तिथे अँटीफेरो ऑक्साइडमधले शिस्तीचे वेगवेगळे वाडे आणि त्यांच्या वर बसलेल्या कोबाल्टने उचललेली तीच नक्षी, यांची चित्रं काढली गेली.

पण एक जुनं कोडं उरलं होतं. साध्या हिशोबाने अँटीफेरोची पकड जेवढी यायला हवी, तिच्या मानाने प्रत्यक्षातली पकड कितीतरी कमी भरते, कधीकधी शंभरपट कमी. असं का? २००३ साली बर्कलीच्या या किरणांनी उत्तर दिलं. सीमेवरच्या अणूंपैकी बरेचसे शेजारच्या चुंबकाबरोबर नुसते हो-ला-हो करत फिरतात. खरोखर घट्ट पाय रोवून उभे असतात ते शंभरातले जेमतेम चार! आणि सगळी पकड त्या चौघांमुळे असते.

हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. कारण आपल्या मंडळाचा गणेशोत्सवसुद्धा असाच होतो की! (इथे कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी जरा उशिरा.)

आता तेच २००३ साल फ्रीमाँटमध्ये कसं होतं, तेही सांगायला हवं. रीड-राइट ही हेड बनवणारी मोठी कंपनी, मुख्यालय इथेच. त्या वर्षी जूनमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात तिची मालमत्ता वेस्टर्न डिजिटलने विकत घेतली. त्याच सुमारास आयबीएमनेही आपला डिस्कचा धंदा हिताचीला विकला. एकाच पॉटलकमध्ये तीन घरचे नोकरी शोधत असायचे. ज्या माणसांनी अणूंच्या थरांचा हिशोब हाताळला होता, त्यांना महिन्याचा हिशोब जमवणं कठीण झालं. कुणी सोलरमध्ये गेलं, कुणी चिप्समध्ये, कुणी सॉफ्टवेअरचा कोर्स केला, कुणी पुण्याला परत गेलं. त्यांतले काही आज या सभागृहात आहेत. तुमच्या हातांनी चढवलेले थर जगभरच्या घरांमध्ये वर्षानुवर्षं फिरत होते, हे एकदा सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, ते आज म्हणून घेते.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगते, की हेडच्या शर्यतीत ऑक्साइड जिंकलं नाही. प्लॅटिनम-मँगनीज आणि मग इरिडियम-मँगनीज या मिश्रधातूंनी बाजी मारली, कारण ऑक्साइडपेक्षा पातळ थरातसुद्धा त्यांची पकड पक्की राहते, इरिडियम-मँगनीजची तर सहा-सात नॅनोमीटरमध्येसुद्धा. पण पातळ केल्यावर शिस्त का मोडते, पकड का सुटते, शेजारी काय करतो, ते शंभरातले चार कोण, हे सगळं समजण्यात निकेल आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचा मोठा वाटा आहे. खेळ धातूंनी जिंकला, पण सराव ऑक्साइडच्या मैदानावर झाला.

"आता हार्ड डिस्क राहिल्यात कुठे?" असं मुलं विचारतात. तुमच्या लॅपटॉपमधून गेल्या, खरं आहे. पण तुम्ही "क्लाउड"वर टाकलेले फोटो ढगात नसतात हो! ते मोठाल्या डेटा सेंटर्समध्ये असतात, आणि तिथला फार मोठा साठा अजून फिरत्या तबकड्यांवरच असतो. २०२४ च्या जानेवारीत सीगेटने ३० टेराबाइटच्या वरच्या डिस्कची घोषणा केली. १९५६ च्या त्या एक टनाच्या कपाटाच्या साठ लाख पट! आजीने म्हटलेल्या आरतीचा व्हिडिओ तुम्ही रात्री उघडता, तेव्हा कुठेतरी एक हेड तो वाचत असतं, आणि त्याच्या पोटात सहा-सात नॅनोमीटरचा एक शून्य बेरजेचा थर ओळंबा धरून उभा असतो.

ऑक्साइडची गोष्टही संपलेली नाही. २०१० साली नेब्रास्का विद्यापीठात क्रोमियम ऑक्साइड वापरून विद्युतदाबाने, खोलीच्या तापमानाला, पकडीची दिशा उलटवून दाखवली गेली. २०१६ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने एका अँटीफेरो मिश्रधातूची दिशा विजेच्या झटक्याने वळवली. आता अँटीफेरोने नुसता ओळंबा धरण्याऐवजी स्वतःच माहिती साठवावी, असे प्रयत्न चालू आहेत. त्याची बेरीज शून्य असल्यामुळे तो शेजाऱ्याला त्रास देत नाही, बाहेरच्या चुंबकाला दाद देत नाही, आणि साध्या चुंबकापेक्षा कितीतरी वेगाने हालचाल करू शकतो. म्हणजे इतकी वर्षं ज्याला दोष म्हटलं, तोच आता गुण ठरतो आहे.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. गेल्या काही वर्षांत मला या हॉलच्या बाहेर चार-पाच जणांनी तरी बाजूला घेऊन विचारलं आहे, "अहो, मुलीला फिजिक्स घ्यायचंय म्हणते. त्याचा उपयोग काय? कॉम्प्युटर सायन्स घे म्हणून तुम्ही तरी सांगा ना." त्या सगळ्यांना माझं आज एकत्र उत्तर : मी सांगणार नाही. नोकरीची खात्री कुठल्याच विषयात नाही, हे आपल्या पिढीने २००१ आणि २००३ मध्ये चांगलं पाहिलं आहे. आणि उपयोगाचं म्हणाल, तर ज्याने अँटीफेरो शोधला त्याला नोबेलच्या व्यासपीठावरसुद्धा त्याचा उपयोग सांगता आला नाही. तो सापडला सत्तावीस वर्षांनी, आपल्या शेजारच्या गावात. मुलीला विषय आवडत असेल, चिकाटी असेल, तर तिला वाट मोकळी करून द्या. सोबत थोडं प्रोग्रॅमिंगही शिकू दे, त्याने बिघडत नाही. आणि जमल्यास एखाद्या शनिवारी बर्कलीची प्रयोगशाळा लोकांसाठी खुली असते का ते बघून मुलांना घेऊन जा. मॉल कुठे पळून जात नाही.

तुमच्या घरीही असं कुणीतरी असेलच. ज्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेत नसतं, फोटोत जो कडेला असतो, पण ज्याच्यामुळे घराची दिशा बदलत नाही. या दिवाळीत त्यांना एक फोन करा.

एवढं बोलून थांबते. जेवणाचा वास येतो आहे, आणि आमचे हे घड्याळाकडे बघताहेत! सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. नमस्कार.